भविष्यकथेतली भिंत

सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाने विज्ञानकथांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही वाटले असते. पदव्युत्तर अभ्यासासाठी मी इतिहास घेतला होता, आणि पुढची साडेतीन दशके फायलींमध्ये गेली. विज्ञानकथा म्हणजे मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत वाचायचा प्रकार, अशी माझ्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे माझीही समजूत होती. ती बदलण्यास एक डेप्युटी मॅजिस्ट्रेट कारणीभूत झाले. अर्थात त्यांची माझी भेट होणे शक्य नव्हते, कारण ते विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात निवर्तले.

त्यांचे नाव सय्यद सखावत हुसेन. ते बिहारमधील भागलपूरला नेमणुकीवर होते. एकदा ते दौऱ्यावर गेले असता घरी एकट्या असलेल्या त्यांच्या पत्नीने वेळ घालवण्यासाठी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. परतल्यावर त्यांनी ती उभ्या-उभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ती गोष्ट म्हणजे ‘सुलतानाज् ड्रीम’ आणि त्या पत्नी म्हणजे बेगम रुकैया. १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’ने ती छापली. या कथेतल्या देशात पुरुष पडद्याआड राहतात आणि स्त्रिया राज्य चालवतात. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी उतरवून घेण्याची युक्ती शोधली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची. शत्रू चालून येतो तेव्हा हीच साठवलेली उष्णता त्याच्यावर सोडली जाते आणि रक्ताचा थेंबही न सांडता युद्ध संपते.

डेप्युटी मॅजिस्ट्रेटने त्या काळी किती अहवाल लिहिले असतील, याची मला व्यवसायाने कल्पना आहे. महसूल, पूर, दंगे, पिकांची आणेवारी. असे कागद अभिलेखागारांत ढिगाने पडलेले असतात आणि इतिहासाचे विद्यार्थी ते चाळतात. मीही चाळले आहेत. पण १९०५ च्या सुमारास बंगाल-बिहारमधल्या सुशिक्षित घरातल्या स्त्रीच्या मनात काय चालले होते, हे त्यांतल्या एकाही कागदावर सापडणार नाही. ते सापडते दौऱ्यावर गेलेल्या साहेबांच्या माघारी लिहिलेल्या या काही पानांत. सौरऊर्जेची कल्पना रुकैयांनी इतक्या आधी कशी केली, याचे आज फार कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या कथेतली दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. रुकैयांनी झनान्याची भिंत पाडली नाही. ती जागच्या जागी ठेवून तिच्या आतली आणि बाहेरची माणसे तेवढी बदलली. जिचे सगळे आयुष्य भिंतीने आखून दिले आहे, अशा लेखिकेच्या दिवास्वप्नातही भिंत कायम राहते, यापेक्षा त्या समाजाचे खरे वर्णन कोणता अहवाल करू शकला असता?

तेव्हापासून मी भारतीय विज्ञानकथा, आणि त्यांच्यावरून वा त्यांच्या धर्तीवर निघालेले चित्रपट, जुन्या कागदांसारखे वाचू लागलो. भविष्याबद्दलचे त्यांचे अंदाज खरे ठरतात की खोटे, याकडे माझे फारसे लक्ष नसते. लिहिणारा कोणत्या वर्षी कशाला भीत होता, हे मी त्यांत शोधतो. आणि या वाचनातून माझी एक समजूत हळूहळू पक्की होत गेली आहे. युरोप-अमेरिकेतल्या विज्ञानकथेची मुख्य भीती ही, की माणसाने घडवलेली वस्तू एक दिवस माणसावर उलटेल. मेरी शेलीच्या १८१८ मधल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून, ज्या नाटकाने जगाला ‘रोबो’ हा शब्द दिला त्या कारेल चापेकच्या १९२० मधल्या ‘आर. यू. आर.’पर्यंत, आणि पुढे हॉलिवूडच्या असंख्य चित्रपटांत ती दिसते. आपल्याकडची भीती वेगळी आहे. यंत्र बंड करील, याची चिंता भारतीय लेखकाला तितकीशी नाही. यंत्र नेमके सांगितल्याप्रमाणे वागेल आणि आपल्याला ओळखणार नाही, ही त्याची चिंता आहे. आपल्या विज्ञानकथेत संकट येते ते दाराशी, खिडकीपाशी, यादीत.

तमिळ लेखक सुजाता यांचे उदाहरण घ्या. खरे नाव रंगराजन. पत्नीचे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते अभियंता होते आणि आज देशभर वापरले जाणारे मतदान यंत्र सिद्ध करणाऱ्यांमध्ये त्यांचा वाटा होता. याच गृहस्थांनी १९८० च्या दशकात ‘एन इनिय इयंदिरा’ ही कादंबरी लिहिली. त्यातल्या भविष्यातील भारतात माणसांना सरकारच्या नियमाने दोनच अक्षरी नावे असतात आणि मूल होण्यासाठी सरकारची परवानगी लागते. निला नावाच्या तरुणीचा नवरा एक दिवस नाहीसा होतो आणि ती त्याचा शोध घेऊ लागते. या कादंबरीतला जीनो नावाचा यांत्रिक कुत्रा वाचकांचा फार लाडका झाला. माणसांपेक्षा तोच शहाणा आहे. आणि ज्याची सत्ता सर्वांवर चालते तो शासक म्हणजे प्रत्यक्षात केवळ प्रकाशाने उभी केलेली प्रतिमा निघते. दिवसा मतदानाच्या यंत्रावर काम करणारा अभियंता रात्री अशी कादंबरी लिहितो, यात मला विसंगती दिसत नाही. यंत्र काय करू शकते हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्यालाच ते कोणाच्या हाती पडेल याची काळजी वाटते.

याहून बोचरे उदाहरण मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या नाटकाचे. १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा करून अवयवांच्या विक्रीला बंदी घातली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९७ मध्ये, या नाटकाला ग्रीसमधील ओनासिस पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांनी पुढे त्यावर ‘देहम’ हा चित्रपट काढला. नाटकातला काळ २०१० चा आणि शहर मुंबई. ओम नावाचा नोकरी गमावलेला कारकून एका परदेशी ग्राहकासाठी आपले शरीर राखून ठेवण्याचा करार करतो. बदल्यात घरात सुखसोयी येतात आणि छतापासून लोंबणाऱ्या एका यंत्रातून तो ग्राहक त्या कुटुंबाच्या खाण्यापिण्यावर नजर ठेवू लागतो.

हे नाटक वाचताना मी दोन ठिकाणी थांबलो. पहिले ठिकाण करारातले. कंपनीला अविवाहित माणूस हवा असतो, म्हणून ओम तशी नोंद करतो आणि त्याची बायको जया कागदोपत्री त्याची बहीण होते. अर्जाच्या रकान्यात बसावे म्हणून माणसे आपली नाती बदलतात, हे मी कोणत्याही नाटकात पाहण्याच्या कितीतरी आधी तहसील कचेऱ्यांत पाहिले होते. एकाच घरात दोन चुली दाखवून केलेली विभक्त कुटुंबे, कागदावर कमी-जास्त झालेली वये, लाभासाठी नाकारलेले नवरे. त्या लोकांना आम्ही लबाड म्हणत असू. आमचा रकानाच त्यांच्या आयुष्यापेक्षा अरुंद आहे, हे आमच्या क्वचितच मनात आले. दुसरे ठिकाण त्याहून भयंकर आहे. अवयव नेण्यासाठी कंपनीचे पहारेकरी येतात आणि ओमऐवजी त्याच्या भावाला घेऊन जातात. यंत्रणा चोख, माणूस चुकीचा. आणि शेवटी जया जी अट घालते तीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पडद्यावरून बोलणाऱ्या त्या ग्राहकाला ती सांगते, की तिच्याकडून काही हवे असेल तर त्याने स्वतः, देहाने, तिच्या दारात यावे.

चित्रपटांची गोष्टही यापेक्षा फार निराळी नाही, जरी त्यांत गाणी आणि हाणामाऱ्या जास्त असतात. शंकर यांच्या २०१० मधल्या ‘एंदिरन’च्या संवादलेखनात सुजातांचा सहभाग होता, तो पडद्यावर येण्याआधीच, २००८ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. त्यातला चिट्टी हा यंत्रमानव लोकांना आठवतो तो त्याच्या अचाट लढायांमुळे. मला आठवते ती आगीची घटना. जळत्या इमारतीत स्नान करीत असलेल्या मुलीला चिट्टी उचलून बाहेर आणतो, जशी असेल तशी, सगळ्या गर्दीसमोर. त्याला प्राण वाचवायला सांगितलेले असते, लाज राखायला नव्हे. ती मुलगी लाजेने धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. चिट्टीने आज्ञेत कसूर केली नव्हती. (याच चित्रपटात यंत्रमानवाला मान्यतेसाठी तज्ज्ञांच्या समितीपुढे उभे राहावे लागते आणि समितीचा प्रमुख मत्सरापोटी मान्यता नाकारतो. हा भाग पाहताना चित्रपटगृहात मी एकटाच मोठ्याने हसलो असेन.)

प्रयाग अकबर यांच्या २०१७ मधील ‘लैला’ या कादंबरीत शहराचे जातवार, धर्मवार, भाषावार तुकडे पडले आहेत आणि प्रत्येक तुकड्याभोवती उंच भिंत आहे. हिरावून नेलेल्या मुलीला शोधणारी आई या भिंतींच्या कडेकडेने वर्षानुवर्षे फिरते. तर २०२४ मधल्या ‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू चित्रपटात काशी हे पृथ्वीवरचे शेवटचे शहर उरले आहे, आणि त्याच्या वर उलटा पिरॅमिड तरंगतो आहे, ज्यात पाणी, हिरवळ, अन्न असे सगळे काही आहे. त्यात प्रवेश मिळवण्यासाठी ठरावीक संख्येने गुण जमवावे लागतात. नायक भैरव ते जमवण्यासाठी माणसे पकडून देण्याचा धंदा करतो. आपल्या इतक्या खर्चिक चित्रपटाचा नायक पिरॅमिड पाडायला निघालेला नाही, त्याला आत जागा हवी आहे. प्रेक्षकांनाही यात काही वावगे वाटले नाही. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांपासून परदेशी व्हिसाच्या रांगांपर्यंत आपल्या तरुणांची जी वर्षे जातात, ती पाहता वाटण्याचे कारणही नव्हते. रुकैयांना निदान आतल्या आणि बाहेरच्या माणसांची अदलाबदल करावीशी वाटली होती.

याला उलट बाजूही आहे, आणि ती सत्यजित राय यांच्याकडे सापडते. १९६२ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात त्यांनी ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा लिहिली. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत भूगोल आणि बंगाली शिकवणारे बंकुबाबू हे गरीब गृहस्थ. गावातल्या वकिलाच्या घरी रोज संध्याकाळी बैठक जमते आणि तिथे त्यांची टवाळी चालते. एका रात्री बांबूच्या बनात परग्रहावरचा एक प्राणी त्यांना भेटतो, त्यांच्याशी आदराने बोलतो आणि ज्यांच्याबद्दल ते आयुष्यभर मुलांना शिकवीत आले पण जे त्यांनी कधी पाहिले नव्हते, ते उत्तर ध्रुवाचे आणि ब्राझीलच्या अरण्याचे प्रदेश त्यांना दाखवतो. दुसऱ्या दिवशी बंकुबाबू बैठकीत जातात, सर्वांना चार शब्द सुनावतात आणि परत कधीही तिथे न जाण्यासाठी बाहेर पडतात. या कथेच्या बीजावरून रायांनी १९६७ मध्ये ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली. हॉलिवूडची कोलंबिया कंपनी तो चित्रपट काढणार होती. तो कधीच निघाला नाही. पण ती मूळची छोटी गोष्ट मला सर्वांत भारतीय विज्ञानकथा वाटते. आपल्या गावाने ज्याला कधी माणूस म्हणून ओळखले नाही, त्याला ओळखण्यासाठी आकाशातून कोणीतरी उतरावे लागते.

आता मला माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाही तर हे सगळे नुसते साहित्यप्रेम ठरेल.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत रेशन व्यवस्थेच्या संगणकीकरणाशी माझा संबंध आला. रेशन दुकानात लाभार्थ्याने यंत्रावर अंगठा ठेवायचा, तो आधारच्या नोंदीशी जुळला की धान्य मिळायचे. मी या व्यवस्थेच्या बाजूचा होतो, आणि आजही तिला मोडीत काढा असे म्हणणार नाही. बनावट शिधापत्रिकांवर उचललेले आणि परस्पर बाजारात गेलेले धान्य मी तरुणपणी पाहिले होते. ज्यांच्या नावावर धान्य उचलले जाते ती माणसे मुळात अस्तित्वातच नाहीत, हे पंचनाम्यात लिहिताना होणारा संताप मला ठाऊक आहे. यंत्र खोटी माणसे गाळेल, या आशेने आम्ही काम केले.

पूर्वेकडच्या एका जिल्ह्यात पाहणीसाठी गेलो असताना एका वृद्ध स्त्रीचा अंगठा जुळेना. आयुष्यभर विड्या वळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. तिने हात पदराला पुसला, परत ठेवला. दुसरा अंगठा ठेवला. मग एकेक बोट. यंत्र प्रत्येक वेळी तेच सांगत होते. दुकानदार शेजारच्याच घरातला. तो तिला चाची म्हणत होता, तिच्या मुलाच्या लग्नात तो जेवला होता. मी त्याला विचारले, तू हिला ओळखतोस ना? तो म्हणाला, “ओळखतो साहेब, पण माझ्या ओळखण्याला आता अर्थ नाही.” त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारले, “मी कोण आहे हे त्या डब्याला तुम्ही सांगाल का?”

त्या दिवशी तिला धान्य मिळाले, कारण मी तिथे होतो. पुढच्या महिन्यात मी नव्हतो. अहवालात मी लिहिले, की प्रणाली समाधानकारक चालू असून अपयशाचे प्रमाण अत्यल्प आहे. ते वाक्य खरे होते. अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८० कोटी माणसे येतात. त्यांतल्या शंभरातल्या एकाच माणसाचा अंगठा जुळला नाही असे धरले, तरी ती ८० लाख माणसे होतात. हा हिशेब मला तेव्हा करता येत नव्हता असे नाही. तो अहवालाच्या नमुन्यात नव्हता.

व्यवस्थेला याची जाणीवच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अंगठा जुळला नाही म्हणून कोणालाही धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यांना दिल्या. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिला होता. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायद्याची मुख्य चौकट वैध ठरली. पण दिल्लीहून निघालेले परिपत्रक आणि गावातल्या दुकानदाराची हिंमत यांच्यात पुष्कळ अंतर असते. धान्य दिले आणि पुढे हिशेब जुळला नाही, तर जबाबदारी त्याची. नाकारले तर जबाबदारी यंत्राची. अशा स्थितीत तो काय करील, हे सांगण्यासाठी विज्ञानकथा लिहावी लागत नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर देशात जी चर्चा चालू आहे, ती ऐकताना मला हे सारे आठवते. परिसंवादांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: यंत्र आपल्या नोकऱ्या घेईल का आणि यंत्र आपल्यापेक्षा हुशार होईल का. पहिला प्रश्न खरा आहे, दुसरा बऱ्याच अंशी परक्या कथांमधून आयात झालेला. तिसरा प्रश्न, जो रुकैया, सुजाता आणि पद्मनाभन यांनी आपापल्या परीने विचारला, तो क्वचितच ऐकू येतो. कर्ज, पीकविमा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांच्या अर्जांवर यंत्र निर्णय देऊ लागेल, तेव्हा त्याने ज्याला ओळखले नाही त्याने कोणाच्या दारात जायचे? तिथे बसलेल्या माणसाला “मी हिला ओळखतो” असे लिहून सही करण्याचा अधिकार असेल का? आणि ती सही केल्याबद्दल त्याच्यावर खुलासा मागणारी नोटीस येणार नाही, याची हमी कोण देईल? कोणत्याही नव्या प्रणालीला मंजुरी देताना या तीन प्रश्नांची उत्तरे फायलीत लेखी असावीत, अपयश टक्क्यांत न सांगता माणसांच्या संख्येत सांगावे, आणि ती संख्या दरमहा त्या-त्या दुकानावर, त्या-त्या कचेरीबाहेर लावावी. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. खडू आणि फळा पुरेसा आहे.

मध्यंतरी दिल्लीच्या विमानतळावर होतो. २०२२ च्या डिसेंबरपासून तिथे डिजियात्रा आहे. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की फाटक उघडते. माझा चेहरा त्याने एका क्षणात ओळखला. शेजारच्या रांगेत एक वृद्ध बाई होत्या, त्यांनी या सोयीसाठी नाव नोंदवलेले नसावे. तिथल्या जवानाने त्यांच्या ओळखपत्रावरचा छायाचित्राचा तुकडा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिले. छायाचित्र बरेच जुने असावे, कारण त्याने दोनदा पाहिले. मग हसून तो म्हणाला, “जाइये, माताजी.” विमानाने जाणाऱ्यांसाठी ती दुसरी रांग आम्ही आठवणीने ठेवली होती.